झीरो शेड डे

पुण्यात आमचं फ्लेक्स आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. इंग्रजी मॅटर गिऱ्हाईक बहुतेक वेळा माझ्यावरच सोडतं. गेल्या मे महिन्यात एक मॅडम 'शून्य सावली दिवस' असं मराठीत लिहून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काका, खाली इंग्रजीतही टाका."

सावलीला इंग्रजीत शेड आणि शॅडो असे दोन शब्द आहेत, एवढं मला ठाऊक होतं. शॅडोची स्पेलिंगमध्ये सहा अक्षरं, शेडची पाच. ओळ तीन फुटांत बसवायची होती. मी शेड घेतला, छापून मोकळा झालो. प्रूफ दाखवलं नाही, ही माझी जुनी खोड.

मॅडम फ्लेक्स बघून आधी हसल्या. मग म्हणाल्या, "काका, तुमची स्कूटर कशात लावलीये?"

दारात गुलमोहर आहे. "सावलीत."

"ती शेड. आणि तुम्ही उन्हात उभे राहिलात की पायाशी तुमच्या आकाराची पडते ती शॅडो."

म्हणजे शेडमध्ये जाऊन बसता येतं, तिला धड आकार नसतो. शॅडोला आकार असतो, दोन-चार मोजता येतात, आणि ती आपल्यामागे फिरते. आपण 'सावलीत बस' म्हणतो आणि 'सावलीसारखा मागे लागलाय' असंही म्हणतो, एकाच शब्दात भागतं. त्यात आमच्या धंद्यात शेड म्हणजे रंगाची छटा, नाहीतर पत्र्याची शेड. (पत्र्याच्या शेडचं स्पेलिंग वेगळं, ते मात्र मी कधी चुकलो नाही.)

रात्री मोबाईलवर शोधलं तर गंमत निघाली. हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीत एकच होते. आपल्याकडे 'पाणी'चं सामान्यरूप 'पाण्या' होतं ना, तशी त्या शब्दाचीही रूपं चालायची. मूळ रूपातून शेड आला, सामान्यरूपातून शॅडो. उद्या कोणी पाणी आणि पाण्या असे दोन वेगळे शब्द करून त्यांना वेगवेगळी कामं वाटून द्यावीत, तसंच की हे!

नवा फ्लेक्स पदरचे पैसे घालून छापला. मग कार्यक्रम बघायलाही गेलो. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणून 13-14 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैच्या शेवटी परत येतो, पण तेव्हा ढगांतून दिसायची मारामार. पोरांनी मैदानात एक पाईप ओळंब्यात उभा केला होता. 12 वाजून 31 मिनिटांच्या आसपास त्याची सावली बुडाशी गेली आणि संपली. पोरं ओरडली. मी मात्र मैदानाच्या कडेच्या वडाकडे बघत होतो. त्याची सावली कुठेही गेली नव्हती, उलट इकडेतिकडे न कलता नेमकी फांद्यांच्या खाली गोळा झाली होती, आणि पोरांच्या आया तिथेच उभ्या होत्या. शॅडो शून्य, शेड भरपूर. माझा फ्लेक्स किती चुकला होता ते मला तिथे कळलं.

तो जुना फ्लेक्स टाकवला नाही. दुकानाच्या दारावर उन्हाला आडोसा म्हणून बांधलाय, अक्षरं आतल्या बाजूला. खाली उभं राहून वर बघितलं की 'झीरो शेड डे' वाचता येतं.