परभणीच्या उन्हाळ्यात टिकेल असा हलका गेमिंग लॅपटॉप शोधताना: माझा अनुभव

माझी नोकरी छत्रपती संभाजीनगरला आणि घर परभणीला. शनिवारी संध्याकाळी रेल्वेनं निघायचं, सोमवारी पहाटे परत. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड करत गाडी परभणीला लागेपर्यंत बॅग बहुतेक वेळा मांडीवरच असते. त्यामुळे लॅपटॉप घ्यायचा म्हटल्यावर पहिली अट वजनाची होती. दुसरी अट गेमची. जीटीए, सायबरपंक असले मोठे गेम नीट चालले पाहिजेत, नुसतं व्हॅलोरंटसारखा हलका गेम चालून भागणार नव्हतं.

दुकानात गेमिंगचं नाव काढलं की समोर १५ इंची येतो. पैशाच्या मानानं हे लॅपटॉप फार चांगले आहेत, यात शंका नाही. पण त्यांचं वजन सव्वादोन-अडीच किलो, आणि त्यांचा अडॅप्टर धरला की बॅगेत तीन किलो होतात. कंपन्या वजन सांगताना अडॅप्टर कधीच धरत नाहीत. मी दुकानदाराला लॅपटॉपसोबत त्याचा अडॅप्टरही हातात द्यायला सांगायचो. तुम्हीही सांगा.

मग १४ इंचीकडे वळलो आणि खरा अभ्यास तिथून सुरू झाला. खोक्यावर आरटीएक्स ४०६० लिहिलं म्हणजे सगळीकडे तेच बळ मिळतं असं नाही. लॅपटॉपमधलं हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र उभं करणारी चिप, ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही बसवता येतं, आणि किती वॅट द्यायचे हे कंपनी ठरवते. पाच एचपीची मोटार असली तरी एक इंची पाईपमधून यायचं तेवढंच पाणी येणार, तसा हा प्रकार. २०२१ पासून हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं लॅपटॉप कंपन्यांना हा आकडा जाहीर करायला सांगितलंय, त्यामुळे वेबसाईटवर बारीक अक्षरात तो बहुधा सापडतो. दुकानात विचारलं तर क्वचितच कुणी सांगतं. दुसऱ्या बाजूनं, ४०६० ला शंभरेक वॅटच्या पुढे दिलेल्या विजेतून फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रं, फारशा वाढत नाहीत. म्हणजे लहान अंगाच्या लॅपटॉपला ९०-१०० वॅट मिळत असतील तर जाड लॅपटॉपच्या तुलनेत फार काही गमवावं लागत नाही. हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

राहिला उन्हाळा. दुकानात एसी असतो, तिथे अर्धा तास गेम चालवून बघितला तरी परभणीबद्दल काहीच कळत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. खोलीचं तापमान दहा-बारा अंशांनी वाढलं की चिपचंही जवळपास तेवढंच वाढतं, आणि ग्राफिक्स कार्ड ८७ अंशांच्या आसपास पोचलं की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. कंपनीतल्या एका मित्राकडे १४ इंची गेमिंग लॅपटॉप होता. तो मी एप्रिलमध्ये मागून आणला आणि घरी वरच्या पत्र्याच्या खोलीत भर दुपारी चालवला. सुरुवातीला झकास, मग हळूहळू फ्रेम पडायला लागल्या आणि फॅनचा आवाज खाली अंगणात ऐकू यायला लागला. पण सेटिंगमध्ये जाऊन वीज थोडी कमी केली आणि फ्रेम ६० वर बांधून टाकल्या, तर तोच गेम तासभर एकसारखा चालला. विकत घेण्याआधी मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या दुपारनं. कुणाचा लॅपटॉप मिळत असेल तर तो आपल्या खोलीत, आपल्या उन्हात चालवून बघा. मागची बाजू थोडी उचलून ठेवा आणि कूलर चालू असेल तर त्याचा दमट झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका.

अण्णांची शंका वेगळी होती. "लाईट गेल्यावर हे इन्व्हर्टरला लावशील, तर रात्री पंखे बंद पडतील बघ." शंका रास्त होती. गेम चालू असताना असा लॅपटॉप दीडशे-दोनशे वॅट ओढतो, म्हणजे दोन-तीन छताचे पंखे. बॅटरीवर खेळायचं म्हटलं तर ७३ वॅट-तासांची बॅटरी ६० वॅटनं सव्वा तासात संपते, आणि बॅटरीवर कार्ड पूर्ण ताकदीनं चालतही नाही. म्हणून आमच्या घरी नियम ठरला: लाईट गेली की गेम बंद. ऑफिसचं काम असेल तर टाईप-सीचा छोटा चार्जर. टाईप-सीवर चार्ज होणं ही माझी तिसरी अट याच बोलण्यातून आली. प्रवासातही तोच चार्जर नेतो, मोठा अडॅप्टर परभणीलाच असतो.

शेवटी २०२४ ची तीन मॉडेलं समोर राहिली. एचपीचा ओमेन ट्रान्सेंड १४ सुमारे १.६ किलोचा, स्क्रीन ओलेड (म्हणजे गडद काळा आणि उठावदार रंग दाखवणारी), मूळ चार्जरच टाईप-सीचा, पण ४०६० ला फक्त ६५ वॅट. असूसचा झेफिरस जी१४ दीड किलोचा, ९० वॅट, त्यालाही ओलेड, दिसायला तिघांत देखणा आणि माझ्या खिशाबाहेर. तिसरा असूसचाच टफ ए१४, १.४६ किलो, १०० वॅटपर्यंत, २५६० बाय १६०० पिक्सेलची, ओलेड नसलेली पण १६५ हर्ट्झची (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारी) स्क्रीन. तिघांचीही रॅम बोर्डावर पक्की बसवलेली, नंतर वाढवता येत नाही. म्हणून १६ जीबीच्या खाली बघूसुद्धा नये. टफमध्ये एसएसडीला, म्हणजे गेम साठवायच्या ड्राइव्हला, दोन जागा आहेत, आणि आजकालचा एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे जातो. मी टफ घेतला. दसऱ्याच्या सुमारास, संभाजीनगरच्या दुकानातून, पक्कं बिल घेऊन. किंमत बरीच, दीड लाखाच्या घरात. हलकेपणाचे पैसे मोजावेच लागतात.

सेलूचा मामेभाऊ गेल्या महिन्यात म्हणाला, "दादा, मलाबी तुझ्यासारखाच घेऊन दे." त्याला विचारलं, तू तो घेऊन जाणार कुठे? तर म्हणे कुठेच नाही, घरीच टेबलावर राहील. त्याला १५ इंचीच घ्यायला लावला. वाचलेल्या पैशात चांगला मॉनिटर आला आणि त्याच्या ४०६० ला माझ्यापेक्षा जास्त वॅट मिळतात.