तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं जाडं चरित्र कशाला?

ट्रेनमध्ये माझ्या हातात बाबासाहेबांच्या मोठ्या चरित्राचा खंड दिसला की कुणीतरी विचारतंच, अहो एवढं जाडं पुस्तक कशाला, बाबासाहेबांचं आयुष्य तर आपल्याला पाठ आहे.

पाठ आहे म्हणजे काय, तर महाड, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षा. छोटं पुस्तक फास्ट लोकलसारखं, तेवढ्याच स्टेशनांवर थांबतं. मोठ्या चरित्रात मधली वर्षं आपल्यालाही त्यांच्याबरोबर काढावी लागतात, आणि मला तेच हवं असतं.

मॅट्रिकच्या आधीची परळच्या चाळीतली ती एकच खोली घ्या. सामान भरलेलं, उशाशी जातं, जवळच बांधलेली शेळी. भीमराव लवकर झोपायचा, रात्री दोनला वडील उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे, आणि हा मिणमिणत्या दिव्यात अभ्यासाला बसायचा. मी चाळीतच वाढलोय, त्यामुळे दोघांना एकदम पाय पसरायला जागा नसणं म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

किंवा 1917. स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं, दुसऱ्या बोटीने येणारी पुस्तकं महायुद्धात बोटीबरोबर बुडाली, बडोद्यात नोकरी होती पण राहायला जागा कुणी देईना, शेवटी मुंबईला परत. चार वर्षांच्या आत लंडनला परत जाऊन शिक्षण पुरं करायची परवानगी हातात होती, पैसे नव्हते. 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, दुसऱ्या कॉलेजांतली मुलंसुद्धा लेक्चर ऐकायला यायला लागली, आणि तिथल्याच काही प्रोफेसरांनी मात्र त्यांनी स्टाफच्या माठातलं पाणी प्यायला हरकत घेतली. तरी ते तिथे शिकवत राहिले, पगारातून पैसे साठवत राहिले.

1923 ला डी.एस्सी., म्हणजे लंडनची डॉक्टरेट, मिळते हे मला माहीत आहे. पण 1919 मधल्या त्या माणसाला काहीच माहीत नाही, मुदत मात्र सरत चाललीय, आणि वाचताना माझाच जीव वरखाली होतो.

सध्या मी 1920 च्या जुलैत आहे. साठवलेले पैसे आहेत, शाहू महाराजांची मदत आलीय, त्यांचे मित्र नवल भथेना यांनी 5,000 रुपये उसने दिलेत. बोट सुटतेय.