म्हशीला चाकं

फोंड्याला आमच्या घराच्या पडवीत गेली चार वर्षं एक टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापायचं मशीन, ठाण मांडून बसलंय, जुनं, बिडाचं, २४० किलोचं. एक सुतारशाळा बंद पडली तेव्हा भावनेच्या भरात घेतलं आणि चार माणसांनी टेम्पोतून उतरवून जिथे टेकवलं तिथेच ते राहिलं. मग घरानेच त्याच्याशी जुळवून घेतलं. तुळशीकडे जायचं तर त्याला वळसा, पावसाची झड आली की आधी ताडपत्री त्याच्यावर आणि मग वाळत घातलेले कपडे, कारण बिडाच्या टेबलावर पाणी पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तांबूस नकाशे तयार, मग ते घासा, मेण लावा, आणि आपल्याकडे पावसाळा म्हणजे चार महिने हाच उद्योग.

यंदा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी बायकोने सांगितलं, पाहुणे येतील, हे हलवा. आमचे मेस्त, म्हणजे सुतार, बघून म्हणाले, "पात्रांव (मालक), हें मशीन न्हय, म्हस ही." म्हटलं म्हशीला चाकं लावू.

चाकं घेताना दुकानदार म्हणाला, चार चाकं आहेत, भागिले चार, ६० किलोवाली चालतील. चालत नाहीत. आमचा कोबा इतका उंचसखल की एक चाक कायम अधांतरीच, म्हणजे वजन तिघांवरच. चुलीचे तीन धोंडे कसे कुठेही ठेवा, डुगडुगत नाहीत, चौथा आला की भांडण सुरू. म्हणून भागिले तीन, ८० किलो, आणि वर थोडं ठेवून १०० किलोवाली घेतली, दोन सरळ, दोन फिरती.

४० मिलीमीटरच्या अँगलची चौकट करून घेतली आणि चाकं तिच्याखाली लावली. इथे गाढवपणा झाला (माझाच, वेल्डरने विचारलं होतं). चार इंची चाक कंसासकट पाच इंच उंच होतं, म्हणजे ३४ इंचावरचं टेबल ३९ वर गेलं, आता फळी काय छातीने ढकलू? सगळं कापून चौकटीला बाहेरून कान काढले आणि चाकं त्यांच्याखाली घेतली, त्यामुळे चौकट जमिनीपासून जेमतेम बोटभर वर राहिली.

वर चढवायला क्रेन वगैरे काही नाही. आधी मोटर काढली, ती एका बाजूला लटकते आणि मशीन नेमकं तिकडेच कलंडतं. मग पहार घालून एक बाजू अर्धा इंच उचलायची, फणसाच्या लाकडाची ढलपी सरकवायची, मग दुसरी बाजू. सकाळी नऊला सुरू केलं ते दुपारी जेवण निवल्यावर संपलं, पण बोट कुणाचंच गेलं नाही.

आणि चालू करून बघतो तर थरथर! बरोबरच आहे, या मशीनचा गुण म्हणजे त्याचं वजन, ते जमिनीला घट्ट बसतं म्हणून काप सरळ येतो, आणि मी त्याला स्केट्स घातले. ब्रेक लावून चाक फिरायचं थांबतं, डुलायचं नाही. शेवटी चार कोपऱ्यांत नट वेल्ड करून जमिनीवर टेकणारे १२ मिलीमीटरचे बोल्ट घातले. एक आटा म्हणजे पावणेदोन मिलीमीटर, दोन-दोन आटे फिरवले की चाकं हवेत, मग ज्या कोपऱ्यात पोकळ लागेल तिथे आणखी थोडं पिळायचं. म्हैस पुन्हा बसली.

चवथीला ती भिंतीकडेला गेली आणि तिच्यावर चादर घालून नेवऱ्यांचे डबे ठेवले गेले. हलवायचं तंत्र बायकोने माझ्याआधी आत्मसात केलं, त्या बोल्टांचा १९ चा पाना आता स्वयंपाकघरात सांडशीशेजारी खिळ्याला असतो, मला लागला तर विचारून घ्यावा लागतो.