तुम्ही विचारलंत म्हणून: सोमाली शेजाऱ्यांची घरं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरात मी भाडेकरूंना अर्ज भरायला, नोटिसा समजून घ्यायला मदत करते हे कळलं, की आपल्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत येतो, पुण्याहून नातवंडांकडे आलेल्या आजी-आजोबांकडूनही येतो. "या सोमाली लोकांना घरं मिळत नाहीत ती पैशांअभावीच ना? कमाई वाढली की सुटेल की प्रश्न. त्यात तुम्ही काय करणार?" उभ्या उभ्या उत्तर देऊन कधी समाधान होत नाही, म्हणून आज बसून लिहिते आहे.

पैसा कमी पडतो, हे खरं. पण पुरेसा पैसा मिळवणाऱ्या कुटुंबालाही इथे घर मिळत नाही, हे मी सतत बघते. नवरा विमानतळावर, बायको वृद्धांच्या देखभालीच्या कामावर, दोघांचा पगार नियमित, आणि तरी महिनोन् महिने नकार. कारण इथली इमारत, इथला अर्ज आणि इथलं कर्ज दुसऱ्याच कुणाचं तरी कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून घडवलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की बदल तिथे व्हायला हवा.

आधी ही माणसं कोण, ते सांगते. 1991 मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं, यादवी पेटली, आणि लाखो लोक केनियाच्या छावण्यांत गेले. तिथून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेल्यांपैकी बरेच जण मिनेसोटात स्थिरावले. आज अमेरिकेतली सर्वांत मोठी सोमाली वस्ती या राज्यात आहे. त्यांच्याबरोबर इथिओपियातले ओरोमो आहेत, आणि उत्तरेकडच्या ब्रुकलिन पार्क भागात लायबेरियातून आलेले लोक. सगळ्यांच्या अडचणी सारख्या नाहीत. मी सोमाली कुटुंबांबद्दलच बोलते, कारण माझा रोजचा संबंध त्यांच्याशी आहे.

शहराच्या मध्याला लागून सीडर-रिव्हरसाइड नावाची वस्ती आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे स्वीडन-नॉर्वेहून आलेले कामगार राहत. आता तिथे दुकानांच्या पाट्या सोमाली आहेत आणि लाल, निळ्या, पिवळ्या पट्ट्यांचे उंच टॉवर दुरूनच दिसतात. त्या संकुलाचं नाव रिव्हरसाइड प्लाझा. राल्फ रॅप्सन या वास्तुविशारदानं ते आखलं, 1973 मध्ये ते उभं राहिलं. त्यात 1,303 घरं आहेत आणि सर्वांत उंच इमारत 39 मजली. मूळ स्वप्न याहून अफाट होतं: शहराच्या आतच नवं शहर, गरीब-श्रीमंत एकाच आवारात. ते अर्ध्यातच थांबलं. पण जेवढं बांधलं गेलं तेवढ्यानं हजारो नवागतांना पहिला आसरा दिला. लाइट रेलचं स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, तिथून गाडी थेट विमानतळाला जाते, मशीद आणि दुकानं खालीच. "हे लोक एकाच ठिकाणी गर्दी का करतात?" असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. गाडी नाही, इंग्रजी अजून कच्चं आहे, घरात म्हातारी माणसं आहेत. अशा वेळी कुणीही असंच ठिकाण निवडेल.

आता खोल्यांबद्दल. माझ्या मते खरी कोंडी इथे आहे.

नवरा-बायको, सहा मुलं आणि आजी. नऊ माणसं. सोमाली घरांत हे काही विशेष मानलं जात नाही, आपल्याकडेही दोन पिढ्यांपूर्वी मानलं जात नव्हतं. अमेरिकेत 1988 पासून लहान मुलं आहेत म्हणून घर नाकारणं बेकायदा आहे. पण एका बेडरूममागे दोन माणसं ही मर्यादा साधारणपणे वाजवी समजली जाते. केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं 1991 च्या एका टिपणात ती मांडली आणि बहुतेक घरमालक तिच्यावरच बोट ठेवतात. म्हणजे मुलं आहेत म्हणून नकार देता येत नाही, पण मुलं जास्त आहेत म्हणून देता येतो. नऊ माणसांना चार-पाच बेडरूम लागणार, आणि तेवढ्या खोल्यांचं भाड्याचं घर या शहरात शोधून सापडत नाही. मग आजी आणि दोन मुली एका फ्लॅटमध्ये, बाकीचे दुसऱ्या मजल्यावर, अशी घरं फुटतात. दोन भाडी, दोन डिपॉझिटं. नाहीतर करारात काही मुलांची नावं लिहिलीच जात नाहीत, आणि मग तपासणीला माणूस आला की आईच्या पोटात गोळा येतो.

मोठी घरं बांधत का नाहीत? याचं एक कारण जिन्यात आहे, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असतं. पुण्या-ठाण्यातली सात मजली इमारत आठवून बघा: मध्ये एक जिना, एक लिफ्ट, मजल्यावर चार फ्लॅट, प्रत्येक फ्लॅटला दोन बाजूंनी खिडक्या. अमेरिकेच्या बहुतेक शहरांत अशी इमारत बांधताच येत नाही. तीन मजल्यांच्या वर गेलात की आगीत सुटकेसाठी दोन जिने सक्तीचे, आणि ते जोडायला मधून लांब बोळ, हॉटेलात असतो तसा. बोळाच्या दोन्ही अंगांना घरं, त्यामुळे प्रत्येक घराला खिडक्या एकाच बाजूला. बेडरूमला खिडकी हवीच. मग अशा साच्यात स्टुडिओ, म्हणजे एकाच खोलीची घरं, आणि एक बेडरूमची घरं छान बसतात, चार बेडरूमचं घर फक्त कोपऱ्यात बसतं. सिएटलसारख्या शहरानं सहा मजल्यांपर्यंत एक जिना चालेल अशी मुभा फार पूर्वीपासून दिली आहे. मिनेसोटातही आता त्यावर विचार सुरू आहे. मला हा बदल मनापासून हवा आहे.

पण आगीचं काय, हा प्रश्न या वस्तीत कुणी हलक्यानं घेत नाही, आणि घेऊही नये. 27 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे सीडर-रिव्हरसाइडमधल्या सार्वजनिक मालकीच्या एका उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर आग लागली आणि पाच माणसं गेली. तिथे जिने होते. वरच्या घरांत स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणारे नळ, नव्हते, कारण इमारत जुनी आणि ती बांधली तेव्हा तसा नियम नव्हता. या मृत्यूंनंतर 2021 मध्ये राज्यानं अशा सार्वजनिक उंच इमारतींत स्प्रिंकलर बसवणं सक्तीचं केलं. म्हणून मी म्हणते, जिना एक असो की दोन, छतातून पाणी पडलंच पाहिजे, आणि गरिबांच्या इमारतीत ते सर्वांत आधी. गरिबांच्या इमारतीत मुदत लांबवून चालणार नाही, या हट्टावर मी ठाम आहे.

दुसरं कारण हिशेबाचं. सवलतीची घरं बांधायला इथे मुख्यतः 1986 पासूनच्या करसवलतीच्या योजनेतून पैसा उभा राहतो, आणि यश मोजलं जातं ते किती घरं झाली यावर. पाच बेडरूमचं घर म्हणजे एक, स्टुडिओ म्हणजेही एक. त्याच पैशात आकडा मोठा दाखवायचा तर लहान घरं बांधणं सोपं. माणसं मोजा, निदान बेडरूम तरी मोजा, म्हणजे चित्र पालटेल.

हे सगळं अशक्य आहे असं नाही. मिनियापोलिसनं 2018 मध्ये '2040' नावाचा आराखडा मंजूर केला आणि एका प्लॉटवर एकच बंगला हा नियम शहरभर मोडीत काढला. आता कुठल्याही निवासी प्लॉटवर तीन घरं बांधता येतात. 2021 मध्ये पार्किंगची सक्तीही गेली. प्यू संस्थेच्या अभ्यासानुसार 2017 ते 2022 या काळात शहरातली घरं 12 टक्क्यांनी वाढली आणि भाडी जेमतेम 1 टक्का. राज्याच्या उरलेल्या भागात भाडी 14 टक्के चढली. हे मोठं काम झालं. पण नव्यानं उठलेल्या इमारतींत बहुतेक घरं एकट्यादुकट्याची आहेत. मला जास्त आशा वाटते ती शहराच्या सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेच्या एका लहान योजनेची: 16 ठिकाणी मिळून 84 घरं, दोन आणि तीन बेडरूमची, कारखान्यात बनवून आणून जोडलेली. ही संस्था ते करत होती तेव्हा तिचे प्रमुख होते अब्दी वारसामे, जे स्वतः सोमाली आणि या वस्तीचे माजी नगरसेवक. त्याच संस्थेकडे शहरभर विखुरलेली 700हून जास्त लहान-मोठी घरं आहेत. अंगण असलेली, मुलांना शाळा जवळ असलेली. अशी घरं दुपटीनं वाढली, तर सीडर-रिव्हरसाइड सोडू पाहणाऱ्या कुटुंबांना खरी वाट मिळेल.

अर्जाचं सांगते. आपल्यापैकी बहुतेक जण इथे आले तेव्हा आपल्यालाही क्रेडिट हिस्ट्री नव्हती. तरी घर मिळालं, कारण हातात कंपनीचं ऑफर लेटर होतं. निर्वासिताच्या हातात ते नसतं. दहा वर्षं छावणीत राहिलेल्या बाईला अर्ज विचारतो, आधीच्या दोन घरमालकांची नावं द्या. ती कुणाची देणार? गंमत म्हणजे पैशाची शिस्त या घरांत भरपूर आहे. बायका आपल्यासारखीच भिशी चालवतात, वर्षानुवर्षं एक हप्ता चुकत नाही, पण कुठल्याही क्रेडिट स्कोअरमध्ये त्याची नोंद नाही. मिनियापोलिसनं 2019 मध्ये नियम केला, तो 2020 पासून लागू झाला. क्रेडिट स्कोअरचा नुसता आकडा बघून अर्ज नाकारता येत नाही, आणि घरमालकानं शहरानं आखून दिलेले सौम्य निकष घेतले नाहीत तर त्याला अर्जदाराचा पूर्ण विचार करावा लागतो. डिपॉझिटही एका महिन्याच्या भाड्याच्या आत बांधलं. हा नियम चांगला आहे. मात्र शहराची हद्द ओलांडली, की उपनगरात तो लागू नाही, आणि मोठी घरं आहेत ती उपनगरातच.

अर्ज करण्याआधीच संपणारी गोष्टही आहे. फोनवर नाव ऐकून "फ्लॅट आत्ताच गेला" म्हणणारे इथेही आहेत. मुंबईत आडनाव ऐकून हेच उत्तर मिळालेली माणसं हे वाचत असतील, त्यांना जास्त सांगायला नको.

घर विकत घ्यायचं तर व्याज आडवं येतं. व्याज देणं धर्माला मान्य नाही असं मानणारी कुटुंबं वीस-वीस वर्षं भाडं भरतात, हातात पैसे असूनही. यावर उपाय आहेत. बँक घर स्वतः विकत घेते आणि ठरलेल्या जास्त किमतीला हप्त्यांवर विकते, किंवा भाड्यानं देत देत मालकी सोपवते. अशा व्यवहारांना अमेरिकेच्या बँक-नियामकानं 1997 आणि 1999 मध्येच हिरवा कंदील दाखवला. मिनियापोलिसमध्ये हुसेन समतर या सोमाली बँकरनं आफ्रिकन डेव्हलपमेंट सेंटर काढलं आणि अशी व्यवस्था लोकांपर्यंत न्यायला आयुष्य दिलं. 1994 मध्ये ते निर्वासित म्हणून इथे आले होते आणि 2013 मध्ये फार लवकर गेले. त्यांच्यासारखा माणूस पुन्हा हवा असं मला वारंवार वाटतं. 2023 मध्ये राज्यानं व्याजाऐवजी शुल्कावर चालणाऱ्या घरखरेदीसाठी निधी ठेवला, ही चांगली सुरुवात. पण सोय कोपऱ्यातल्या एखाद्या संस्थेकडे असून भागत नाही. ज्या बँकेत पगार जमा होतो तिच्या खिडकीवर ती मिळायला हवी.

काही जण विचारतात, "सरकार पैसे देतं आणि लोक लाटतात, त्याचं काय?" विचारणं योग्य आहे. अपंग आणि वृद्धांना घर शोधून द्यायची, ते टिकवायला मदत करायची एक योजना मिनेसोटानं 2020 मध्ये सुरू केली. काही पुरवठादारांनी खोटी बिलं लावून ती लुटली आणि 2025 मध्ये राज्यानं ती बंदच केली. लुटणाऱ्यांना शिक्षा व्हावी, त्यात सोमाली असले तरी आणि नसले तरी. पण योजना गेली तेव्हा व्हीलचेअरवरच्या ज्या म्हातारीला तिचा खरा उपयोग होत होता तिची मदतही गेली, आणि तिनं काहीही केलं नव्हतं. हिशेब कडक ठेवून ती मदत परत सुरू व्हायला हवी.

आणि हे सगळं आपण का करायचं? या शहराच्या जमिनीचे जुने कागद बघा. 1910 पासून इथल्या खरेदीखतांत अटी असत की ही जागा आफ्रिकी, चिनी, जपानी, तुर्की वंशाच्या माणसाला विकू अथवा भाड्यानं देऊ नये. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारो खतं चाळून त्यांचा नकाशा केला आहे. 1968 चा समन्यायी गृहनिर्माण कायदा संसदेत लढवणारे वॉल्टर मोंडेल याच राज्याचे सिनेटर होते. त्या कायद्यानं या अटी मेल्या, पण त्या अटींनी आखलेली बंगल्यांची वस्ती नंतर केवळ झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधायचं या नियमांच्या, जोरावर तशीच राहिली. आपण मराठी माणसं आज ईडन प्रेरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्ह या उपनगरांत सुखानं घरं घेतो. मोंडेल यांच्यासारख्यांनी आणि नागरी हक्कांसाठी मार खाल्लेल्या काळ्या माणसांनी ती दारं आपल्यासाठी आधीच उघडून ठेवली होती.

तेव्हा "तुम्ही काय करणार" याचं उत्तर असं. तुमच्या उपनगरात एखाद्या रिकाम्या जागेवर अपार्टमेंटचा प्रस्ताव येतो, नियोजन समितीची जाहीर सुनावणी लागते. संध्याकाळी सातला असते, शहराच्या वेबसाइटवर तारीख असते. तिथे घरमालक येतात, ट्रॅफिक आणि शाळांची चिंता मांडून जातात. ज्यांना ते घर हवं ते त्या वेळी कामावर असतात. तुम्ही घरमालक आहात, मतदार आहात, तुमचं म्हणणं ऐकलं जातं. तीन मिनिटं मिळतात. इमारत होऊ द्या म्हणा, आणि तिच्यात चार बेडरूमची घरं किती आहेत ते विचारा. पुढची सुनावणी कधी आहे ते मला विचारलंत तर मी कळवीन, आणि सोबतही येईन.