आत्याच्या स्क्रॅपबुकात सोनेरी पेन कुठे चाललं आणि कुठे नाही

आत्याला यंदा पंचाहत्तर पूर्ण होतायत. साडी नको (कपाट उघडलं की साड्याच अंगावर येतात), चांदीचं भांडं नको, मग घरात ठरलं की स्क्रॅपबुक करायचं, आणि घरात ठरलं म्हणजे मी करायचं कारण पेनांचा डबा माझ्याकडे आहे. सरप्राइजचा विषयच नव्हता, जुन्या फोटोंमधली अर्धी माणसं फक्त तिलाच ओळखू येतात, त्यामुळे ती दुपारची इथल्याच, म्हणजे बडोद्यातल्या, दांडिया बाजारातून रिक्षा करून येते, चहा घेते आणि "ही ती नव्हे गं, ही तिची जाऊ" असं करत बसते, मी लिहून घेते.

या सगळ्या उद्योगात मेटॅलिक जेल पेनं भरपूर वापरतेय, आणि पानांचे फोटो बघून मैत्रिणींनी विचारलं की तुझं असं चमकतं कसं, आमचं तर सोनेरी म्हणून घेतलेलं पेन कागदावर खाकी निघतं. म्हणून हे लिहायला घेतलं, लांबलं तर सांभाळून घ्या.

खाकी निघतं कारण तुम्ही पांढऱ्या कागदावर चालवताय. पेनात सोनं काय, पितळ पण बहुतेक वेळा नसतं, असतात त्या अगदी बारीक चपट्या पापुद्र्या, कधी अ‍ॅल्युमिनियमच्या आणि कधी अभ्रकाच्या. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम ऑक्साइड नाहीतर लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर चढवलेला असतो आणि त्या थरामुळे तो सोनेरी, तांब्यासारखा किंवा मोतिया दिसतो. शाई वाळताना या पापुद्र्या कागदावर आडव्या निजतात आणि उजेड एका दिशेला परत फेकतात, ती चमक. आता पांढरा कागद स्वतःच चारी बाजूंनी एवढा उजेड परत टाकत असतो की पापुद्र्यांचं कोण विचारतंय, मग डोळ्याला उरतो तो फक्त शाईतला मातकट पिवळा. तेच काळ्या कागदावर चालवा, कागद सगळा उजेड गिळतो आणि रेघ तेवढी उठून दिसते. काळा, गडद मरून, बाटलीहिरवा, नेव्ही ब्लू, हे कागद घ्या. क्राफ्ट पेपरवर, म्हणजे तो तपकिरी, सोनेरी तितकंसं खुलत नाही पण तांबेरी छान बसतं आणि पांढरं जेल पेन तर फारच छान.

आमच्या आजोबांच्या जुन्या अल्बमची पानं काळीच होती. तुमच्याकडेही असेल तसा एखादा, फोटोचे चार कोपरे खाचेत अडकवायचे, दोन पानांमध्ये तो कुरकुरणारा पातळ कागद, आणि खाली पांढऱ्या पेन्सिलीनं तिरप्या अक्षरात "कमाटी बाग, मे". वर्ष नाही, मे फक्त. आत्याच्या स्क्रॅपबुकाला काळी पानं घेतली ती तिथूनच. फक्त नवीन घेताना अ‍ॅसिड-फ्री आणि जाड बघून घेतली, २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) वरची, कारण जुन्या स्वस्त काळ्या कागदात अ‍ॅसिड असतं आणि वर्षानुवर्षं फोटोला टेकून राहिलं की फोटो खराब होतो, आजोबांच्या अल्बममध्ये ते दिसतंय. आणि नव्वदच्या सुमाराचे ते चिकट पानांचे प्लास्टिकवाले अल्बम, त्यांच्याबद्दल मी बोलतच नाही, त्यातून फोटो सोडवताना अक्षरशः घाम फुटला.

पेनाचं सांगते. जेल पेन हे प्रकरण जपानचं, ओसाकाच्या साकुरा कंपनीनं १९८४ साली पहिलं जेल पेन आणलं, तिथून सुरू. शाई पेनात उभी असताना घट्ट जेल असते आणि टोकाची गोळी फिरली की तेवढ्यापुरती पातळ होऊन कागदावर उतरते, उतरली की परत घट्ट. ही घट्ट शाई आहे म्हणूनच त्या जड पापुद्र्या तिच्यात तरंगत राहतात, साध्या पातळ शाईत त्या कधीच्या तळाला बसल्या असत्या. हे कळलं ना की पेन कसं चालवायचं ते आपोआप कळतं. गोळी फिरायला हवी, म्हणून दाबायचं नाही, दाबलं तर गोळी अडते आणि रेघेच्या मधोमध पांढरी खाच पडते. भराभरही ओढायचं नाही. पेन जरा उभं धरून आरामात, रांगोळीची रेघ ओढताना घाई करतो का आपण, तसंच. आणि हलवायचं तर अजिबात नाही! ते पेंट मार्कर वेगळे, त्यांच्यात गोळी खुळखुळते, ते हलवायचेच असतात. जेल पेनाच्या रिफीलमध्ये मागच्या बाजूला एक पारदर्शक ग्रीसचा थर असतो बघा, तो शाईला मागून अडवून धरतो, झटके दिले की मध्ये हवा शिरते आणि पेन गेलं. ठेवताना आडवं ठेवा, ग्लासात टोक वर करून खोचून ठेवू नका.

अडकलंच तर खोडरबरावर हलकेच गोल गोल फिरवा, रबर गोळीला धरतो आणि ती फिरायला लागते. माझी भाची चपलेच्या तळाला घासते, तेही चालतं म्हणे, मला बघवत नाही.

वाळण्याचं मात्र बडोद्यात राहणाऱ्यांनी फार मनावर घ्यायचं. मे महिन्यात इथे रेघ ओढेपर्यंत वाळते, आणि ऑगस्टमध्ये दुपारी आभाळ भरलं की तीच रेघ बोटाला येते, हवेतच एवढा दमटपणा असतो. मी पावसाळ्यात पान संपलं की पंख्याखाली उघडं ठेवते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याच्यावर काही ठेवत नाही, मग मध्ये बटर पेपर घालूनच वही मिटायची. डावखुऱ्यांनी उजवीकडून डावीकडे सजवत यावं, बॉर्डर आहे, लिहायचं थोडंच आहे. ओल्या रेघेचा एक फायदा पण आहे बरं का, त्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरवली, जादा झटकली आणि हीट गननं गरम केली की रेघ फुगून वर येते. हेअर ड्रायरनं होत नाही, त्याला तेवढी उष्णता नसते, उलट पावडर उडून सोफ्यावर.

आता फोटोचं, जे मला खरं सांगायचंय. आत्याच्या माहेरी, म्हणजे आमच्याच जुन्या घरी, माजघरात एक लक्ष्मी होती, रवि वर्मांच्या चित्राचा छापील कागद. रवि वर्मांचं आणि बडोद्याचं नातं तर सगळ्यांना माहीतच आहे, लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये त्यांची चित्रं आजही आहेत. चित्रांच्या छापील प्रती काढा असं त्यांना सुचवणारे सर टी. माधवराव हे आधी इथलेच दिवाण होते. पुढे १८९४ मध्ये मुंबईला रवि वर्मांचा छापखाना निघाला आणि देव घरोघरी पोचले. आणि घरोघरी बायकांनी काय केलं, तर त्या छापील लक्ष्मीला जर लावली, टिकल्या लावल्या, खरं कापड कापून साडी नेसवली! आमची ती पणजीनं सजवलेली. काठाला जर, मुकुटाला टिकल्या, गळ्यात बारीक मणी, आणि चेहरा, हात, पाय मात्र जसेच्या तसे छापील. एक ठिपका नाही.

मला विचाराल तर स्क्रॅपबुकाचा सगळा कोर्स त्या एका फ्रेममध्ये आहे. चमक कडेला, माणसाला हात लावायचा नाही. हल्ली सर्रास बघते की फोटोवरच सोनेरी मुकुट काढलेत, गालाशी चांदण्या, डोक्यामागे तेजोवलय, नवरा-बायकोच्या मध्ये हार्ट. आधी तर ते तांत्रिकदृष्ट्याच वाईट, चकचकीत फोटोत शाई मुरत नाही, वरच बसते, महिन्यांनी पण घासली तर निघते आणि निघताना फोटोवर डाग ठेवून जाते. आणि जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोशेजारी थेट चमक आली ना की फोटो मेला, डोळा चमकीकडे जातो. आपण माणसं बघायला अल्बम उघडतो का पेन बघायला? म्हणून मी फोटोभोवती आधी थोडी मोकळी काळी पट्टी सोडते आणि मग बॉर्डर, तीही सगळ्या चार बाजूंनी नाही, बरेचदा दोन समोरासमोरचे कोपरेच, ठिपक्यांच्या रांगोळीचा एक तुकडा कोपऱ्यात बसवायचा. ठिपका देताना पेन सरळ उभं, टेकवायचं आणि उचलायचं, फिरवायचं नाही.

फोटो मूळ प्रत असेल तर मी तो चिकटवतही नाही, फोटो कॉर्नर वापरते. फेव्हिकॉलनं कागद ओला होऊन फुगतो, पान पापडासारखं होतं, आणि मग त्यावर सरळ रेघ कोण ओढणार.

आत्तापर्यंतच्या पानांत मला सगळ्यात आवडतं ते झोपाळ्याचं. आत्याच्या लग्नात आजोबांनी संखेड्याचा (बडोद्याजवळचं गाव, तिथल्या लाखेच्या लाकूडकामाचा) झोपाळा दिलेला, मरून आणि सोनेरी, तो अजून तिच्या दिवाणखान्यात आहे आणि त्यावर बसून चार पिढ्यांचे फोटो काढून झालेत. संखेड्याच्या कामातही सोनं नसतं हे किती जणांना माहितीये? कथलाचा लेप असतो, चांदीसारखा पांढरा, त्यानं नक्षी काढायची, अकीकाच्या दगडानं घासून चकाकी आणायची आणि वरून लाखेचा थर, त्या लाखेतून बघितलं की ते सोनेरी दिसतं. तेच डोक्यात ठेवून मी मरून कागद घेतला, चंदेरी पेनानं झोपाळ्याच्या कड्यांची आणि दांड्यांची नक्षी पानाच्या डाव्या कडेला काढली, पूर्ण वाळू दिली आणि त्यावर फक्त फुलांच्या आत पिवळट सोनेरी पेन फिरवलं. नुसत्या सोनेरीपेक्षा रंग वेगळाच आला, खोल. आत्यानं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "कडी एक कमी काढलीस." मोजून बघितलं तर मी बरोबर होते, पण तिच्याशी कोण वाद घालणार.

दुसरं पान कॉलेजचं. आत्या बीए झाली ती एम. एस. युनिव्हर्सिटीत, आणि आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटासमोर फोटो काढल्याशिवाय तिथून कोणी पास होत नसावं. काळ्या पानावर तांबेरी पेनानं फक्त घुमटाची बाह्यरेषा, आत काही नाही, खाली तिचा दोन वेण्यांमधला फोटो. घुमटाच्या आत ती सगळी जाळी-नक्षी भरायचा फार मोह झाला होता, आईनं हातातून पेन काढून घेतलं, "पुरे गं बाई." आईचं बरोबर होतं.

काही बारीकसारीक गोष्टी आठवतायत तशा सांगते. फिकट पानावर काळ्या फाइनलायनरचं, म्हणजे बारीक टोकाच्या पेनाचं, काम असेल तर ते आधी, मेटॅलिक सगळ्यात शेवटी, कारण जेलवरून फाइनलायनर नेलं की त्याचं टोक पापुद्र्यांनी बुजतं आणि महागडं पेन वाया. पट्टी लावून रेघ ओढताना शाई पट्टीखाली शिरते, म्हणून पट्टीच्या खालच्या बाजूला टेपनं एक रुपयाची दोन नाणी चिकटवून टाका, पट्टी कागदापासून जरा वर राहते. आणि कागदाची नुसती कड सोनेरी करायची असेल, म्हणजे वरच्या बाजूला नव्हे तर त्या कापलेल्या जाडीवर, तर पेन स्थिर धरून कागद त्याच्यावरून ओढायचा, उलटं नाही. एवढंसं काम आहे पण फोटोखालच्या मॅटला, म्हणजे फोटोमागून जरा बाहेर दिसणाऱ्या कागदाला, ते केलं की पान एकदम वेगळं दिसतं आणि लोकांना कळत नाही काय केलंय.

नावं-तारखा मी मेटॅलिकनं लिहीत नाही. दिवसा छान वाचता येतं आणि रात्री ट्यूबलाइटखाली पान तिरपं करत बसा. आत्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला वाचता यायला हवं. माहिती पांढऱ्या जेल पेनानं, शीर्षकातली मोठी अक्षरं पांढरी आणि त्यांच्या एका बाजूला, कायम उजव्याच, बारीक सोनेरी सावली. सगळं सोनेरी नको, सोनेरीची सावली बास. आणि एका पानावर एकच धातू. सोनेरी, चंदेरी, तांबेरी तिन्ही एका पानावर आले की लग्नपत्रिका होते. झोपाळ्याच्या पानावर दोन आहेत ते मला माहितीये, तिथे ते एकमेकांवर आहेत, शेजारी नाहीत.

आता एक कटकट उरलीये. न्यू जर्सीवाला भाऊ म्हणतो सगळी पानं स्कॅन करून पाठव. पाठवून बघितली, स्कॅनरचा उजेड ठरलेल्या कोनातून येतो आणि पापुद्र्यांवरून उडून भलतीकडे जातो, त्यामुळे सगळं सोनं स्कॅनमध्ये चिखलासारखं काळपट आलं आणि तो विचारतो, "हे ब्राऊन का केलंस?" मोबाइलनं खिडकीशी पान थोडं तिरपं धरून काढलं तर जरा बरं येतं पण मग फोटो वाकडा. शेवटी त्याला सांगितलं की फोटोंचे स्कॅन वेगळे देते, पानं बघायची असतील तर डिसेंबरात तिकीट काढ, सेव उसळ मी खाऊ घालते.