भंगारातला नंदी आणि पाचवीचा वर्ग

वर्धा जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत यंदा तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांनी लाकडी नंदीबैल मिरवण्याच्या सणासाठी, भंगारातून नंदीबैल घडवायचे ठरले, तेव्हा माझे लक्ष मूर्तीपेक्षा तिच्या आधीच्या निवडानिवडीवर अधिक होते. पुनर्चक्रणाचा धडा पुस्तकातून वाचून होतो. पण कोणता धातू पुन्हा भट्टीत जातो आणि कशाला हातही लावू नये, हे मुलांना वस्तू हाताळूनच उमगते, अशी माझी खात्री आहे.

पालकसभेत मी पहिली अट घातली ती फवारणीच्या औषधांच्या डब्यांविषयी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे बळी गेले, हे आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. त्यामुळे धुतलेला असला तरी असा एकही डबा शाळेत येणार नाही, हे सर्वांनी लगेच मान्य केले. जुन्या बॅटऱ्याही शिशामुळे आणि आम्लामुळे वगळल्या. गंजलेल्या लोखंडाला हात लावायचा म्हणून हातमोजे आणले आणि दहाव्या वर्षीची धनुर्वाताची लस कोणाची राहिली आहे, हे आरोग्यसेविकाताईंकडून तपासून घेतले.

मग घराघरांतून वखराच्या झिजलेल्या पासा (मातीत चालणारी लोखंडी पाती), मोडके विळे, सायकलच्या चेन, बेअरिंग, फुटकी घमेली आणि चेपलेली पातेली आली. प्रत्येक गटाला एक चुंबक दिले. लोखंड लगेच चिकटले. ॲल्युमिनियम, तांबे आणि पितळ चिकटले नाही. स्टीलच्या एका पेल्यापाशी मात्र गाडी अडली. ‘मॅडम, हे तं चुंबकाले चिकटूनच नाही राहिलं!’ असे एक मुलगी गोंधळून म्हणाली. त्यात लोखंडच जास्त असते, पण क्रोमियम आणि निकेल मिसळल्यामुळे काही प्रकारचे स्टेनलेस स्टील चुंबकाला दाद देत नाही, हे सांगितल्यावर घरची भांडी तपासण्याचा सपाटाच मुलांनी लावला. माझ्या मते संपूर्ण उपक्रमातील सर्वांत मोलाचा तास हाच होता.

रचना करताना मी मुलांना चित्रकार-शिल्पकार पिकासोने घडवलेल्या बैलाच्या डोक्याचे छायाचित्र दाखवले. सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंतून त्याने ते 1942 मध्ये साकारले होते. ते पाहिल्यावर मुले ढिगाकडे आकार शोधत बघू लागली: पालथ्या घमेल्यात त्यांना वशिंड सापडले, बेअरिंगमध्ये डोळे, चेनमध्ये शेपटी, आणि धार पूर्ण घासून बोथट केलेल्या दोन विळ्यांत शिंगे. वखराची पास पाठीच्या कण्यासाठी योजली होती; तिच्या मध्यभागी, जिथे ती मातीत घासून घासून कागदासारखी पातळ झाली होती, तिथे बोट फिरवून एका मुलाने ती आपल्या आजोबांची असल्याचे सर्वांना सांगितले.

वेल्डिंग गावातील लोहारकाकांनी त्यांच्या दुकानात केले. ठिणगीच्या प्रकाशातील अतिनील किरणांनी डोळ्यांना इजा होते, म्हणून त्या वेळी मुलांना शाळेतच ठेवले. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला वेल्डिंग केल्यास निघणारा धूर अपायकारक असतो. त्यामुळे कानांसाठी घेतलेला पन्हाळी पत्रा काकांनी रिव्हेट मारून बसवला. गंज पॉलिश पेपरने घासणे आणि रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा हात देणे ही कामे मात्र मुलांनीच केली. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदींच्या रांगेत आमचा लोखंडी नंदी चाकांवर उभा राहिला आणि मुलांना बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणीही, भरपूर मिळाला.

नंदीत गेले ते लोखंड आता तिथेच थांबले; त्याचे पुन्हा काही होणार नाही. म्हणून उरलेल्या ढिगाचे काय होते, हे दाखवणे मला अधिक आवश्यक वाटले. भंगारवाले भाऊ शाळेत आले, त्यांनी प्रत्येक धातू वेगळा तोलून वेगळा भाव सांगितला आणि मुलांनी फळ्यावर हिशेब मांडला. त्यांच्याकडचे लोखंड जालन्याला जाते, तिथे विजेच्या भट्टीत वितळून त्याच्या बांधकामाच्या सळया होतात. गडचिरोलीच्या सुरजागडचा डोंगर खोदून निघणारे खनिज तेवढ्यापुरते वाचते, हे नकाशावर दाखवता आले. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर खनिजापासून नवा धातू काढायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे 5 टक्के ऊर्जेतच काम भागते.

आता वर्गाच्या कोपऱ्यात लोखंड, ॲल्युमिनियम आणि तांबे-पितळ अशी तीन पोती असतात. चुंबक लावल्याशिवाय कोणी त्यात काही टाकत नाही, आणि भंगारवाले भाऊ आले की भाव विचारायला मुलेच पुढे होतात.