बी दाबलं, आय दाबलं, मग वेगळा फॉन्ट कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. खोक्याचं डिझाइन करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक असो की डीटीपी शिकणारी मुलं, प्रश्न ठरलेला असतो. वर्डमध्ये ‘बी’ आणि ‘आय’ अशी दोन बटणं आहेतच. दाबली की अक्षर जाड होतं, तिरकंही होतं. मग बोल्ड इटॅलिकचा वेगळा फॉन्ट कशाला शोधायचा?

फॉन्टच्या संचात बोल्ड इटॅलिकची खरी फाइल असेल तर ती बटणं तीच उचलून आणतात. मग माझी काही तक्रार नाही. नसेल तेव्हा संगणक उभं अक्षर घेतो, चारी कडांनी सारखं फुगवतो आणि उजवीकडे ढकलतो. असा ढकललेला इंग्रजी ‘ओ’ मोठा करून बघा. वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या वळणावर जाडी साचते, उरलेली दोन वळणं रोडावतात. सेरिफ अक्षराचा, म्हणजे दांड्यांच्या टोकांना बारीक पाय असलेल्या अक्षराचा, सगळा देखणेपणा जाड दांडा आणि केसासारखी रेघ यांच्या नात्यात असतो. सगळीकडून फुगवलं की ती रेघही सुजते आणि छोट्या ‘ई’चा डोळा मिटतो.

खरं इटॅलिक म्हणजे मुळात वेगळं वळण, लपेटीचं. छोट्या ‘ए’चा वरचा मजला जातो, पोट आणि दांडा एवढंच उरतं. बऱ्याच इटॅलिकांत ‘एफ’ ओळीखाली उतरतो. व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियस या मुद्रकानं 1501 साली रोमन कवी व्हर्जिलचं काव्य छापलं, ते अख्खं या लपेटीच्या अक्षरात. खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, कोरली होती फ्रान्चेस्को ग्रिफोनं. गंमत म्हणजे त्यात कॅपिटल अक्षरं उभीच होती. जोर द्यायला इटॅलिक वापरायची रीत नंतरची.

जाडी आली ती आणखी तीनशे वर्षांनी, लंडनच्या जाहिरातींमधून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉटरीच्या पत्रकांवर ‘फॅट फेस’ अक्षरं दिसू लागली. दांडे अतिशय जाड, आडव्या रेघा मात्र सुतासारख्या. त्यांची इटॅलिकं मला फार आवडतात. एवढं वजन अंगावर घेऊनही ती ओळीत पळतात. हे अक्षर जन्मलंच भिंतीसाठी, रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवण्यासाठी. म्हणून ते दोन-तीन शब्दांपुरतं वापरावं: मासिकाचं नाव, अत्तराची बाटली, लग्नपत्रिकेवरच्या दोन नावांमधला अँपरसँड, म्हणजे ‘&’ हे चिन्ह. कॅस्लन या जुन्या इंग्रजी फॉन्टच्या इटॅलिकातला अँपरसँड एकदा निरखून बघा. ‘ई’ आणि ‘टी’ एकमेकांत कसे गुंफलेत ते दिसेल. पूर्ण परिच्छेद यात लावू नये, आणि लपेटीच्या कॅपिटलमध्ये अख्खं नाव तर मुळीच लावू नये.

लहान आकारात काय होतं ते मी एका मिठाईच्या खोक्यावर शिकलो. दुकानाचं इंग्रजी नाव जाड इटॅलिकात, मोठं, सुरेख आलं. त्याच हौसेनं खालची पत्त्याची ओळही मी त्याच अक्षरात लावली, 7 पॉइंटात, लालभडक रंगावर पांढरी. पडद्यावर ठीक दिसत होती. छापून आलं तेव्हा शाई पसरून बारीक रेघा बुजलेल्या, ‘ई’चे ‘सी’ झालेले. चूक छपाईवाल्याची नव्हती, माझी होती. तेव्हापासून अशा अक्षराचा नमुना मी खऱ्या आकारात, खऱ्या कागदावर छापून घेतल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

याच कामात दुसरा प्रश्न हमखास येतो: इंग्रजी तिरकं केलंत, मराठीही तिरकं करा ना. इथे मी अडून बसतो. देवनागरीला इटॅलिकची परंपरा नाही, आणि अक्षर ढकललं तर शिरोरेषा आडवीच राहते, काने तेवढे वाऱ्यावर दोरीवरचे कपडे कलावेत तसे कलतात. पण माझा खरा आक्षेप बोरूवरून आहे. आपल्या बोरूची छाटणी लॅटिन टाकाच्या उलट, त्यामुळे जाड-बारीकही उलट. ‘व’चं पोट घ्या. बोरूनं लिहिताना वरच्या डाव्या वळणावर भर येतो. तेच अक्षर यंत्रानं उजवीकडे ढकललं की नेमकं ते वळण रोडावतं आणि जिथे रेघ बारीक हवी तिथे जाडी येते. लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध जाणारं अक्षर डोळ्याला खुपतं, कारण सांगता आलं नाही तरी.

मग जोडी कशी जमवायची? तिरकेपणा सोडून द्यायचा, जाड-बारकाईतला फरक धरायचा. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ मी यासाठी बरेचदा घेतो. त्यातली देवनागरी उभी आहे, पण दांडे भरदार आणि रेघा नाजूक, त्यामुळे इंग्रजी बोल्ड इटॅलिकशेजारी ती परकी वाटत नाही.

घरी करून बघायचं असेल तर क्लाउस एगर्स सोरेनसेननं केलेला ‘प्लेफेअर डिस्प्ले’ उतरवून घ्या. तो फुकट मिळतो आणि त्यात बोल्ड इटॅलिकची खरी फाइल आहे. कागदावर त्यातला छोटा ‘ए’ हातभर मोठा छापा. शेजारी त्याच फॉन्टचा उभा ‘ए’ नुसता ढकलून छापा. दोन्ही कागद भिंतीला लावा आणि चार पावलं मागे या.